बुटक्याला आवतण

ज्याला रोज शेतात घाम गाळावा लागतो त्याला ट्रॅक्टरचं प्रेम वगैरे काही नसतं. त्याला डिझेल दिसतं, टायर दिसतो, संपलं. प्रेम येतं ते आमच्यासारख्यांना. गाव सोडून शहरात आलेल्या, सरकारी खुर्चीत बसून केस पांढरे केलेल्या आणि निवृत्त झाल्यावर सिडकोतल्या बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालणाऱ्यांना. आम्हाला एकदम माती आठवते. ज्या मातीतून निसटायला तरुणपणी नाही नाही त्या खटपटी केल्या, तिच्या वासानं आता आमचा ऊर भरून येतो. बायको म्हणते, एवढा ऊर भरून येतोय तर या कुंडीतलं गवत तरी काढा.

आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. जुने, छोटे, बागेत चालणारे ट्रॅक्टर शोधायचे, घासूनपुसून, रंगवून नवे करायचे आणि त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा, हा आमचा उद्योग. ग्रुपात दाताचे डॉक्टर आहेत, दोन वकील आहेत, एक निवृत्त प्राचार्य आहेत. एकाच्याही ट्रॅक्टरला माती लागलेली नाही. लागली तर तो लगेच धुतो आणि 'आज सर्व्हिसिंग' असं लिहून टाकतो. खाली सगळे अंगठे दाखवतात. ट्रॅक्टर मुळात कशासाठी असतो हे कुणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढतात.

माझ्याकडं ट्रॅक्टर नव्हता तोवर मी तिथं नुसताच अंगठे दाखवत होतो. मग एक दिवस डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, आपल्या घरीच की! पिशोरला, आबांच्या गोठ्यात!

आबा म्हणजे माझे वडील. मी नोकरीला लागून शहरात आल्यावर त्यांनी मोसंबीची बाग लावली आणि बैल थकल्यावर बागेसाठी एक छोटा ट्रॅक्टर घेतला. उंचीला इतका कमी की मोसंबीच्या फांदीखालून बिनबोभाट जायचा. मोठे ट्रॅक्टरवाले हसायचे. कुणीतरी त्याला बुटक्या म्हणालं आणि तेच नाव पडलं. त्याची कंपनी बुडून जमाना झाला, पण बुटक्या चालत राहिला. नंतर बाग गेली, मका आला, थोरल्या भावानं मोठा ट्रॅक्टर घेतला आणि बुटक्या गोठ्यात बसला तो बसलाच. आबाही बसले. काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. आता त्यांना उजेड-अंधारसुद्धा कळत नाही. तरी रोज सकाळी भिंतीला हात लावत लावत गोठ्यात जायचे, बुटक्यावर हात ठेवून उभे राहायचे आणि चहा तिथंच मागवायचे.

मी गेलो आणि म्हणालो, "आबा, बुटक्याला मी शहरात नेतो. नीट करून आणतो. एकदम नवाकोरा!"

आबांनी बुटक्याच्या बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "नवाकोरा कशाला? चालता कर म्हंजे झालं. आन् पोळ्याच्या आदल्या दिवशी हितं पायजे. खांदमळणीला. माझ्या हाताला लागला पायजे."

"लागेल की."

"पोळ्याला न्हाय म्हनत मी. आदल्या दिवशी. तुझं काय, तू पोळ्याला येतो, म्हंजे जेवाया येतो."

यात खोटं काही नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू घासतं तो खांदा बोटांनी दाबायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. लहानपणी तुपाची वाटी मीच धरायचो. नोकरी लागल्यापासून मात्र आदल्या दिवसाची रजा कधी मिळाली नाही. खरं तर मी ती मागितलीच नव्हती. पोळ्याला दुपारी गाडीनं जायचं, पुरणपोळी हाणायची आणि अंधार पडायच्या आत परत. गोठ्यात बैल नसताना आबा खांदमळणी कुणाची करतात, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही. आणि त्या दिवशीही पडला नाही, कारण मी बुटक्याचे 'आधीचे' फोटो काढण्यात गुंतलो होतो.

टेम्पोत घालून बुटक्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला. कामाला एक मिस्त्री धरला. रिक्षा रंगवायचा त्याचा धंदा, इंजिनातलंही त्याला जमायचं. जुन्या शहरातला माणूस, सगळे त्याला चाचा म्हणायचे. कामापेक्षा चहाला जास्त, पण मन दिलदार. बुटक्याभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "साब, इंजिन तो चल जाता. बाकी इसको हात नक्को लगाओ. जैसा है वैसा अच्छा है."

मला वाटलं, काम टाळतोय. टाळतच होता. मी त्याला सुनावलं, "चाचा, मला नवा पाहिजे. लोक बघत राहिले पाहिजेत."

"तुमकु पाहिजे तो करते ना साब. मेरेकु क्या."

मग काय विचारता! मडगार्डला एका बाजूला खोल चेंब होती, विहिरीच्या कठड्याला धडकल्याची. तिच्यात पुट्टी भरून गुळगुळीत केली. स्टिअरिंगला आबांनी सुतळी गुंडाळली होती, हाताच्या घामानं काळी पडून कातड्यासारखी झालेली. कापून फेकली, वर चकचकीत कव्हर चढवलं. सीटवरचं पोतं काढलं आणि गुलमंडीच्या बाजारातून चॉकलेटी रेक्झिन आणून गादी शिवून घेतली. एका दिव्याची काच कुठंच मिळेना. शेवटी कळलं की अजिंठ्याला एकाच्या शेतात असाच ट्रॅक्टर बाभळीखाली सडतोय. ग्रुपातले चौघं गाडी काढून गेलो. जगभरची माणसं त्या गावाजवळ येतात ती जुना रंग अजून टिकलाय म्हणून बघायला. आम्ही तिथून दिव्याची काच घेतली आणि परत येताना वाटभर भांडलो की जुना रंग खरडल्यावर नवा लाल मारायचा की केशरी. यातलं हसण्यासारखं काय होतं ते तेव्हा आम्हा चौघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

बॉनेट जिथं संपतं आणि स्टिअरिंगचा दांडा सुरू होतो, तिथं दोन्ही बाजूंना एक विचित्र थर होता. पिवळट काळा, घट्ट, पुरणपोळीएवढा जाड. इंजिनच्या उष्णतेनं भाजून पार टणक झालेला. त्यात बोटं दाबल्यासारखे खळगेही दिसत होते. चाचा म्हणाला, "साब, ये नक्को निकालो. नीचे पत्रा कैसा है अल्ला जाने. मेरा काम बढता." मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. लगेच ज्ञानाचा पूर आला. दाताचे डॉक्टर म्हणाले, गिअर ऑइल गळून साठलंय. एक वकील म्हणाले, कंपनीचा मूळ प्रायमर आहे. प्राचार्यांनी लिहिलं, 'ही गंजाचीच एक दुर्मिळ अवस्था होय.' प्राचार्यांचा विषय मराठी होता.

मग मीच बसलो. रॉकेल ओतलं, पुट्टी लावायची लोखंडी पत्री घेतली आणि खरडायला लागलो. असं चिवट काही मी जन्मात खरडलं नव्हतं. पापुद्र्याखाली पापुद्रा, त्याच्याखाली आणखी एक. बायको चहा घेऊन खाली आली आणि नाक उडवत म्हणाली, "अहो, हा तूप करपल्याचा वास आहे. आणि पाणी बघा कसं हळदीसारखं पिवळं आलंय."

"गंज पिवळाच असतो," मी म्हणालो.

"गंज तांबडा असतो."

"तुला ट्रॅक्टरमधलं काय कळतं?"

"तूप तर कळतं ना!" असं म्हणून ती कप ठेवून निघून गेली. आमचं लग्न टिकलंय ते ती अशी वेळेवर निघून जाते म्हणून. खालचा पत्रा आरशासारखा लखलखला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी चाचाला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

इंजिन चालू झालं त्या दिवशी सोसायटीचे अध्यक्ष खाली आले. बुटक्याचा एक आवाज होता. ढुप ढुप ढुप करत मधेच एक ठोका गिळायचा आणि खोकल्यासारखं करून पुढं निघायचा. आबा म्हणायचे, त्याला दमा आहे. अध्यक्ष म्हणाले, "हा आवाज निवासी वसाहतीत शोभत नाही." चाचानं पंप दुरुस्त केला, नवा सायलेन्सर बसवला आणि दमा गेला. बुटक्या शिलाई मशीनसारखा सुरसुर चालायला लागला. अध्यक्ष खूश, ग्रुप खूश, मी तर हवेतच.

आणि ग्रुपनं जाहीर केलं की पोळ्याच्या दिवशी सकाळी शहरात जुन्या ट्रॅक्टरांची शोभायात्रा काढायची. ढोल, फेटे, बाजूला ड्रोन. सगळ्यात पुढं बुटक्या! माझी छाती ही एवढी फुगली. बेत पक्का ठरला: आदल्या दिवशी टेम्पोत बुटक्याला घालून पिशोरला जायचं, आबांच्या हाताला लावायचा, टेम्पो दारातच थांबवायचा आणि त्याच टेम्पोनं परत. सकाळी शोभायात्रा. आबांचं मनही राखलं आणि आपलं कामही झालं.

मधे आबांचे फोन यायचे. दुसरं काही नाही, एकच. "झाला का रे? आदल्या दिशी आनतो ना?" मी म्हणायचो, "आबा, ओळखू येणार नाही तुम्हाला!" आणि जोरात हसायचो. आबा पलीकडं गप्प असायचे. मला वाटायचं रेंज गेली.

ठरल्याप्रमाणे निघालो, बायकोही बरोबर आली. बुटक्याला लालभडक रंग, वर पॉलिश, पुढं गोंडे, मागं झूल. चेहरा दिसावा इतका चकचकीत. वाटेत लोक हात दाखवत होते. पिशोरला दारात उतरवला तेव्हा गल्लीतली पोरंबाळं, बाया, झाडून सगळे गोळा झाले. थोरला भाऊ म्हणाला, "च्यायला, हे काय केलंस रे!" मी ते कौतुक समजलो.

आबा ओट्यावर तयार बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. मांडीवर तुपाची वाटी, त्यात हळद कालवलेली. म्हणजे ते दुपारपासून वाटी धरून बसले असणार. भावानं हात धरून आणलं. बायकोनं पदर डोक्यावर घेतला. मी मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला, ग्रुपसाठी.

आबांनी डावा हात पुढं केला. हात बरोबर त्याच जागी गेला, बॉनेट संपतं तिथं. बोटं थांबली. मग सरकली, परत मागं आली, दुसऱ्या बाजूला गेली. मडगार्डवरून खाली उतरली, चेंब होती तिथं घुटमळली. स्टिअरिंगवर गेली. सीटवर गेली.

आबा म्हणाले, "ह्यो आपला न्हाय."

मी हसलो. "आबा, आपलाच आहे! बुटक्या!"

"न्हाय रे. हितं त्याचा खांदा व्हता. सालोसाल तूप-हळद लावल्याली. माझी बोटं बसायची तिथं." मग आवाज एकदम उतरवून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "इकला का रे?"

खरडताना बोटांचे खळगे दिसले होते मला. तूप, हळद, सगळं समोर होतं, बायको तर तोंडानं सांगत होती. बैल गेल्यावर हा माणूस दर वर्षी या लोखंडाचा खांदा मळत होता, आणि मी त्याचं वर्षानुवर्षांचं आवतण रॉकेल ओतून पत्रीनं काढलं आणि आनंदानं नाचलो!

मग माझी जी तारांबळ उडाली ती काय सांगू. "आबा, शप्पथ, तोच आहे! चेसिसवरचा नंबर बघा!" असं मी आंधळ्या माणसाला म्हणालो. एवढ्यावर थांबलो नाही. मोबाइलवर आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो काढून त्यांच्या तोंडासमोर धरला. आबांनी काय धरलंय ते बघायला बोटं लावली, मोबाइलच्या काचेवरून फिरवली आणि म्हणाले, "ह्येबी गुळगुळीतच हाये."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भावानं डोळे वटारले.

शेवटचा उपाय म्हणून मी इंजिन चालू केलं. म्हटलं, आवाज तरी ओळखतील. बुटक्या सुरसुर सुरसुर करायला लागला. एकही ठोका गिळला नाही. आबा कान देऊन ऐकत राहिले. खोकला येईल म्हणून थांबले होते, ते मला दिसत होतं. मीही थांबलो होतो. आयुष्यात एखादं इंजिन बिघडावं म्हणून मी देवाला पहिल्यांदा हात जोडले. पण चाचानं काम चोख केलं होतं.

"बंद कर," आबा म्हणाले. "इकला तं इकला. मोडक्याला कोन ठिवतं? पर खोटं नको बोलू, बाबा. मला दिसत न्हाय म्हनून माज्यासाठी दुसरा आनला, रंगवून आनला, लई खर्चात पडला असशील. आसू दे."

मला ओरडावंसं वाटलं. मी विकला नाही, मी फसवलं नाही, मी फक्त चांगला केला! बायकोनं माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि बंद केला.

आबांनी वाटीत बोटं बुडवली. म्हणाले, "दारात आल्याला हाये. कुणाचा का आसंना, आवतण द्यावंच लागतं." आणि त्या आरशासारख्या लाल रंगावर, माझ्या पॉलिशवर, दोन्ही हातांनी तूप-हळद चोळली. खरं सांगतो, त्याही क्षणी माझ्या तोंडून "आबा, रंग..." एवढं निघालंच. बायकोनं दंडाला असा चिमटा काढला की पुढचे शब्द गिळले. आबा बॉनेटवर वाकले आणि लोखंडाला म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." परक्या पाहुण्याशी बोलावं तितकंच, मानानं, पण लांबून.

हात अजून तुपानं भरलेले होते. भाऊ फडकं घेऊन पुढं आला. आबांनी ते घेतलं नाही. हवेत चाचपत माझ्याकडं वळले. त्यांचा हात माझ्या छातीला लागला, तिथून खांद्यावर गेला. शोभायात्रेसाठी शिवलेला पांढरा सदरा, त्याच्या गळ्यातून आत बोटं घातली आणि खांदा मळायला लागले. अंगठ्यानं दाबून, सावकाश, एक बाजू झाली की दुसरी. लहानपणी बैल जसे माना खाली घालून उभे राहायचे तसा मी उभा राहिलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि गल्लीभर माणसं बघत होती, बघू देत.

"ह्यो मात्र आपला हाये," आबा म्हणाले. मग माझ्या कानाशी आले. तोंडाला तंबाखूचा वास. "आज आवतण घे. उद्या जेवाया ये."

दारात टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. बुटक्याला चढवायची फळी त्यानं लावून ठेवली होती, अंधार पडायच्या आत त्याला शहरात पोचायचं होतं. मी गेलो आणि म्हणालो, "तू रिकामा जा बाबा. मला आणि बुटक्याला, दोघांनाही उद्या इथं जेवायचं आवतण आहे."